वरचं गाव, खालचं गाव

पाऊस लागला की निपाणी-चिकोडीकडच्या वर्तमानपत्रांत दर वर्षी तीच नावं ओळीनं छापून येतात. कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, भोजवाडी-कुन्नूर, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेवरचे बंधारे पाण्याखाली, वाहतूक बंद. यातलं मलिकवाड कर्नाटकात आणि दत्तवाड महाराष्ट्रात, मधे फक्त दूधगंगा. पाणी चढलं की दोन्हीकडच्या माणसांना लांबचा वळसा पडतो. उतरलं की दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, सोयरेधायरे पुन्हा त्याच अरुंद स्लॅबवरून ये-जा करू लागतात.

सीमाभागात जन्मलेल्याला 'तुम्ही कुठल्या बाजूचे' हे लहानपणापासून विचारलं जातं. नदीकाठच्या माणसाला आणखी एक विचारायला हवं: तुम्ही वरचे की खालचे? कारदग्याचा माणूस कागलकरांच्या खालचा आणि सदलगेकरांच्या वरचा. सदलगेकर पुढच्या गावाच्या वरचे. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला 'दोन्ही' असंच द्यावं लागतं.

*

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा एकदा जवळून बघावा. पात्रात ओळीनं खांब, खांबांना उभ्या खोबणी. पावसाळा सरून नदीचा जोर ओसरला की त्या खोबणींत बरगे सोडतात. पूर्वी ते लाकडी असत, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी. बरग्यांच्या दोन रांगा आणि मधल्या पोकळीत ठासून भरलेली माती. कितीही ठासली तरी कुठून तरी पाणी झिरपतंच. खालच्या अंगाला त्या झिरप्यावर बाया धुणं धुतात, म्हशी डुंबतात, पाणकावळे बसतात. मे सरता सरता, पहिला पूर यायच्या आत, सगळे बरगे काढून काठावर रचून ठेवायचे. वेळेत निघाले नाहीत तर पूर बंधाऱ्याला तटतो, बाजूनं वाट काढतो आणि कुणाचं तरी रान खरवडून नेतो.

पावसाळ्यात नदीला मोकळं सोडायचं, उन्हाळ्यापुरतं अडवायचं, अशी ही रचना. मोठी धरणं यायच्या आधीपासून कोल्हापूर संस्थानच्या नद्यांवर ती चालत आली आहे. तिचं यश मात्र सिमेंटवर अवलंबून नाही. बरगे कोण घालतो, किती घालतो आणि खालच्या गावाला विचारून घालतो का, यावर आहे. शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा. त्याच्या खाली कर्नाटक. कडक उन्हाळ्यात तिथल्या बरग्यांवरून किती ताण येतो ते दोन्ही काठांना ठाऊक आहे.

*

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अथणीला सहाशेच्या आत. दोन्ही गावांतलं सरळ अंतर दीडशे किलोमीटरही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा सगळा मुलूख या दोन आकड्यांच्या मधे उतारावर पसरलेला आहे. पाणी घाटमाथ्यावर पडतं आणि तहान पूर्वेला लागते. इथले सगळे पाणीतंटे या एका वाक्यात मावतात. राज्यांची सीमा १९५६ ची आहे, हा उतार सह्याद्रीइतका जुना आहे.

*

बेळगावच्या जुन्या घरांत परसात आड असायचाच. शहापूर, खडे बाजार, अनगोळकडे अजूनही काही घरांत आहे. बाळंतीण उठती झाली की तिच्या हातून आडाची पूजा करवून घेत. हळदकुंकू, पानसुपारी, आणि मग तिनं पहिली घागर भरायची. आता बऱ्याच घरांत आड बुजवून त्यावर खोली बांधली आहे. पूजा तेवढी राहिली, ती बोअरच्या पाइपला होते.

आडाला एक शिस्त होती. पाणी किती खाली गेलं ते रोज डोळ्यांना दिसायचं, आणि दोराची लांबी वाढली की घरातली बाई आपोआप हात आखडायची. बोअरचं पाणी दिसत नाही. मोटर कोरडी फिरायला लागते तेव्हाच ते संपल्याचं कळतं.

*

डिसेंबर १९२४. बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन, अध्यक्ष महात्मा गांधी. गांधीजी अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी व्यवस्था अंगावर घेतली होती. टिळकवाडीच्या माळावर उभ्या राहणाऱ्या त्या तंबूंच्या नगराला पाणी कुठून आणायचं हा पहिला प्रश्न. त्यासाठी एक मोठी विहीर खोदली आणि तिला नाव दिलं पंपा सरोवर. लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतात.

अधिवेशन संपलं, तंबू उतरले, विहीर राहिली. नळ आल्यावर शहर तिला विसरलं. १९९५ च्या टंचाईत शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयानं तळ गाठला तेव्हा शहराला आपल्या जुन्या विहिरी आठवल्या. गाळ उपसला, पंप बसवले, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या पाण्यानं पुन्हा घरं भागवली. विहिरींची आठवण टंचाईत यायची आणि पाऊस पडला की जायची, हे काही एकट्या बेळगावचं दुखणं नाही. पण ज्या शहराच्या पोटात इतक्या विहिरी आहेत त्यानं त्यांची पातळी बारमाही मोजायला हवी, राकसकोपची मोजतं तशी.

*

राकसकोपची पातळी पावसाळ्यात रोज छापून येते. जलाशय भरला की २४७५ फूट. शहरातली शाळकरी मुलंसुद्धा हा आकडा सांगतात. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय भरला की महापौर जाऊन गंगापूजन करतात, ओटी भरतात. जलाशयाच्या वरच्या अंगाला तुडये आहे, ते चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं.

राकसकोप पुरेनासं झालं म्हणून हिडकल. घटप्रभेवरचं राजा लखमगौडा धरण, ५१ टीएमसीचं. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट, म्हणजे राकसकोपहून ३०० फूट खाली. तिथलं पाणी पंपानं वर चढवून बेळगावला आणायचं. राकसकोपच्या पाण्याला उतार मदत करतो, हिडकलच्या पाण्याचा प्रत्येक थेंब वीज खातो. वीज गेली की गल्लीत 'आज पाणी नाही' का होतं, त्याचं कारण हे.

त्या हिडकलमध्ये येणारं पाणी कुठलं? चंदगडचं. घटप्रभा आणि ताम्रपर्णी दोन्ही तिकडून येतात. बेळगावात सकाळी चहाचं आधण ठेवतो ते पाणी कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरावर पडलेलं असतं. धरण बांधताना हुन्नूरसारखी गावं बुडाली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हुन्नूरच्या विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं, आणि उठून गेलेल्या गावांतली माणसं दर्शनाला येतात. आपल्या नळामागे त्यांची घरं आहेत, हे शहरानं विसरू नये.

*

एक टीएमसी म्हणजे किती? भाषणांत हा शब्द सारखा येतो, म्हणून एकदा हिशेब मांडून ठेवतो.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर एका टीएमसीत पावणेसहा लाख माणसांचं वर्ष निघतं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती.

आता तेच पाणी उसाला देऊ. पाटानं दिलं तर वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी सहज लागतं. एका टीएमसीत सुमारे ३,५०० एकर ऊस. एक अख्खं शहर, किंवा दोन-तीन मोठ्या गावांच्या शिवारातला ऊस.

ऊस लावणाऱ्याला यात दोष द्यायचा नाही. या भागात दर आणि गिऱ्हाईक दोन्हींची हमी असलेलं पीक तेवढंच आहे. पण जगभरात माणूस जेवढं गोडं पाणी घेतो त्यातलं सत्तर टक्के शेतीला जातं. म्हणून पाणी वाचवायचा मोठा वाव शेतातच आहे. दात घासताना नळ बंद करावा, जरूर करावा. ठिबकाला मात्र त्याच्या कैक पट महत्त्व आहे.

*

निपाणीची ओळख तंबाखूची. काळ्या रानात पावसाच्या ओलीवर येणारं हे पीक, त्याला नदीची फारशी गरज नसे. पाणी थोडं आणि पैसाही थोडा, कारण भाव व्यापाऱ्याच्या हातात. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. पुढे वेदगंगा-दूधगंगेवर उपसा योजना वाढल्या, कारखाने आले, आणि काठची रानं उसानं हिरवी झाली. कमी पाण्याच्या पिकाला तेव्हा न्याय्य भाव मिळाला असता तर आज नदीवर एवढा भार पडला असता का, हा प्रश्न मनातून जात नाही. शेतकरी कुठलं पीक घेतो ते पाण्यापेक्षा भावानं ठरतं. म्हणून भाव ठरवणारे लोक पाणीही ठरवत असतात.

*

रात्री दारं धरणारा माणूस. थ्री-फेज लाईट मिळते ती बऱ्याचदा रात्री. डोक्याला बॅटरी, हातात फावडं, पायात गमबूट. एका सरीत पाणी शेवटाला पोचलं की फावड्याच्या दोन घावांत माती ओढून ती बुजवायची आणि शेजारची उघडायची. काळोखात पाणी दिसत नाही, ते आवाजावरून ओळखायचं. कोरड्या ढेकळात मुरताना पाणी चुळचुळतं, सरी भरली की आवाज बंद होतो. थंडी, साप, विंचू, सगळं सोसून माणूस पहाटेपर्यंत जागतो. डोळा लागला तर मोटर चालूच, पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात. वर्षानुवर्षं असं जादा पाणी मुरत गेलेल्या नदीकाठच्या जमिनींवर आज मिठाचा पांढरा थर दिसतो. शिरोळ, चिकोडी, अथणीकडच्या क्षारपड रानांत कधीकाळी उसाचे सोन्यासारखे प्लॉट होते.

पाण्याच्या बचतीसाठी पहिली मागणी करायची तर ही करावी: शेतीला वीज दिवसा द्या. जागा असलेला माणूस पाणी कमी वाया घालवतो.

*

११ एप्रिल १९२५ ला निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृत समाजाची परिषद भरली होती. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात. त्याआधी ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं मंजूर केला होता: सरकारी खर्चानं बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या. कागदावर खुल्या झालेल्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं, महाडला.

वर-खालची गोष्ट नदीपुरती नसते. एकाच पाणवठ्यावर वर कोण भरणार आणि खाली कोण थांबणार हे आपल्या गावांनी जातीवर ठरवलं होतं. पाण्याच्या इतिहासात धरणांच्या बरोबरीनं हेही लिहून ठेवलं पाहिजे. वाडीला पाइपलाइन आली, पण शेवटच्या वस्तीला दाब पोचत नाही असं जिथे जिथे ऐकू येतं, तिथे ती शेवटची वस्ती कुणाची हे बघावं.

*

नळाला पाणी येण्याचा दिवस. बेळगावच्या ज्या गल्ल्यांत चोवीस तास पाणी नाही, तिथे हा दिवस वेगळाच उजाडतो. आदल्या रात्रीपासून टाकी धुऊन ठेवलेली. पहाटे नळातून आधी हवा फुसफुसते, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. 'पाणी आलं' अशी हाक पडली की बादल्या, घागरी, कळश्या, तांब्या-पितळेचे हंडे, रंगाचे रिकामे डबे, सगळं रांगेला. मागच्या खेपेचं उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. पाणी कधी येईल याची खात्री नसली की माणूस लागेल त्याहून जास्त साठवतो आणि साठवलेलं ओतून देतो.

२००५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्याच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग हाती घेतला गेला. २००८ च्या सुमारास प्रत्येक शहराच्या साधारण दहाव्या हिश्शाला अखंड पाणी मिळू लागलं. दर वाढतील, खाजगीकरण होईल ही भीती तेव्हाही होती आणि ती निराधार नव्हती. पण त्या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट दिसली. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या नळांचे नमुने तपासले. अधूनमधून पाणी येणाऱ्या नळांच्या जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत मैल्यातले जंतू सापडले. अखंड पाण्याच्या नळांत एक टक्क्याहून कमी.

कारण साधं आहे. नळ भरलेला असताना आतलं पाणी फटीतून बाहेर येतं. रिकामा असताना बाहेरचं गटाराचं पाणी आत शिरतं. म्हणून पहिली बादली कधीही प्यायला भरू नये, ती अंगणात सडा घालायला वापरावी. आमच्या घरातल्या बायका हे संशोधनाच्या कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत.

*

खेड्यातल्या नळयोजनांसाठी जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनची धरणं आटली तेव्हा तिथे आणीबाणी म्हणून माणशी ५० लिटरची मर्यादा घातली होती. साऱ्या जगानं त्या शहराकडे डोळे लावले. त्यांची आणीबाणी आणि आपल्या खेड्यांचं उद्दिष्ट यांत पाच लिटरचं अंतर आहे. खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवर, जिथे पावसाळ्यात छप्पर फाटेल असा पाऊस पडतो, तिथे मार्च-एप्रिलमध्ये बायका झऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरतात. तिथे हे ५५ लिटरही लांबच आहेत.

*

कणकुंबी. खानापूर तालुक्यात, चोर्ला घाटाच्या माथ्यावर. माउलीचं देऊळ, शेजारी मलप्रभेचा उगम. इथून मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीच्या धरणाकडे आणि पुढे कृष्णेला मिळते. त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाचं पाणी म्हादईत उतरतं, गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळतं. पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडले तर एक बंगालच्या उपसागराला जाईल, एक अरबी समुद्राला.

कळसा-भांडुरा योजना म्हणजे म्हादईचं काही पाणी मलप्रभेत वळवणं. लवाद २०१० मध्ये नेमला, निवाडा १४ ऑगस्ट २०१८ ला आला: गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले मलप्रभेत वळवायचे ३.९ टीएमसी, जास्तीचा भाग वीजनिर्मितीचा. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे. म्हादईवर जगणाऱ्या गोव्याच्या खाजणांची, जंगलाची, माशांची भीतीही खरी आहे. दोन्ही बाजूंच्या सभांतून एक गोष्ट मात्र फारशी ऐकू येत नाही: कणकुंबी आणि आसपासच्या वाड्यांना स्वतःला काय हवं? उगमाशी राहणारा माणूस सगळ्यांच्या वरचा, तरी त्याचं कुणी ऐकत नाही.

*

बळ्ळारी नाला. बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातून जातो. या शिवारात पिकणाऱ्या बासमतीचा वास एके काळी मळणीच्या दिवसांत रस्त्यापर्यंत यायचा. आज शहराचं सांडपाणी नाल्यात, आणि जोराचा पाऊस झाला की नाला भातात. रोप कुजतं, दुबार लावण करावी लागते. शेतकरी मोर्चे काढतात, निवेदनं देतात, नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढायची मागणी वर्षानुवर्षं करतात. सांडपाणी शुद्ध करायला हलग्याला प्रकल्प, तर त्यासाठी पुन्हा शेतकऱ्याचीच सुपीक जमीन.

हिडकलचं पाणी ३०० फूट वर चढवायला शहराला तंत्रज्ञान मिळतं, पैसा मिळतो. वापरलेलं पाणी उताराला लागलं की ते कुणाच्या रानात जातं याची चौकशी कुणी करत नाही. शहराचा पाणीपुरवठा नळापाशी संपतो असं आपण धरून चाललो आहोत. तो मोरीनंतर आणखी निम्मा बाकी असतो.

*

इचलकरंजी निपाणीहून फार लांब नाही. या शहराच्या उशालाच पंचगंगा. नदी सांडपाण्यानं आणि उद्योगांच्या पाण्यानं नासली. २०१२ मध्ये शहरात काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. कृष्णेचंही पाणी आणलं होतं. मग वारणेचं मागितलं, तर वारणाकाठ उठला. मग दूधगंगेवर सुळकूडहून योजना आखली, तर कागल तालुक्यातली गावं आणि इकडचा सीमाभाग उठला. दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण दोन्ही राज्यांचं, त्यात कर्नाटकाचाही वाटा. उन्हाळ्यात दूधगंगेचं पात्र इकडे कोरडं पडतं, त्यात आणखी एक शहर कसं भागवायचं, हा इकडचा सवाल. आणि तिकडची लाखो माणसं तीन-चार दिवसांआड पाणी भरतात, हेही तितकंच खरं.

एक नदी नासवली की शेजारची मागावी लागते. ती मिळाली नाही की तिच्या शेजारची. आपली नदी स्वच्छ ठेवणं हा शेजाऱ्याशी भांडण टाळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग होता.

*

१ नोव्हेंबर १९८६. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर विषारी औषधं ऱ्हाइन नदीत गेली. पाणी तांबडं झालं, मैलोन्‌मैल मासे मेले. खाली फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स. या देशांनी १९५० पासूनच ऱ्हाइनसाठी एक संयुक्त आयोग नेमला होता, पण तो खरा जागा झाला या आगीनंतर. सालमन मासा नदीत परत आणायचा, असं साधं आणि कुणालाही मोजता येईल असं उद्दिष्ट ठरलं. पुढच्या काही वर्षांत सालमन खरंच परत आला. यांतले फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांशी दोन महायुद्धं लढले होते.

पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात. ती नदी नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा मग कर्नाटकात शिरते. अंकली, उगार, कुडची, सगळे तिच्या काठचे. इथेही उद्दिष्ट माशाचं ठेवावं. मासा कुठल्याच राज्याचा मतदार नाही, म्हणून त्याची साक्ष दोन्हीकडे चालेल.

*

उन्हाळा आला की कर्नाटक महाराष्ट्राला पत्र लिहितं: कोयनेतून पाणी सोडा, चिकोडी-अथणी-रायबागची कृष्णा कोरडी आहे. महाराष्ट्र म्हणतं, देतो, पण तुबची-बबलेश्वर योजनेतून आमच्या जतला द्या. जत तालुक्यातल्या दुष्काळी गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्यावरून दोन्ही राज्यांत केवढा गदारोळ झाला. गावांना हवं होतं पाणी, चर्चा झाली नकाशाची.

सिंगापूर आणि मलेशियाचं उदाहरण घ्यावं. १९६२ च्या कराराप्रमाणे सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेतं, कच्चं पाणी हजार गॅलनला ३ सेन दरानं, आणि त्यातलं काही शुद्ध करून जोहोरला ५० सेननं परत विकतं. करार २०६१ पर्यंतचा. दरावरून कुरबुरी होतात, राजकारण तापतं, पण पाणी थांबत नाही, कारण ते दर उन्हाळ्यात पत्र लिहून मागावं लागत नाही. कोयना आणि जतची देवाणघेवाण अशीच एकदाची कागदावर, तारखांसह, पक्की व्हायला हवी.

*

पूर. २०१९ आणि २०२१. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि देशातला एक मोठा रस्ता बंद पडला. मांगूर फाट्याकडच्या भरावानं पाणी तुंबतं, तिथे खांबांवरचा पूल हवा, हे शेतकरी सांगत होते. गोकाकला घटप्रभा, हिरण्यकेशी आणि मार्कंडेय तिघींचं पाणी एकदम आलं.

पुरात पहिली टंचाई प्यायच्या पाण्याची होते. उपसा केंद्रं बुडतात, मोटरी काढाव्या लागतात. कोल्हापूर दोन्ही वेळा पाण्यात होतं आणि कोल्हापूरकर टँकरच्या रांगेत होते.

पूर आला की कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव निघतं. आजची पातळी ५१९.६० मीटर, दुसऱ्या कृष्णा लवादानं २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरला मान्यता दिली. वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचं मुख्य कारण अलमट्टी नसल्याचं म्हटलं, तरी काठच्या माणसाची धास्ती गेली नाही. ती जाईल फक्त आकड्यांनी. २०१९ नंतर दोन्ही राज्यांचे अभियंते विसर्गाचे आकडे एकमेकांना कळवू लागले, ही फार मोलाची गोष्ट झाली. ते आकडे आता दोन्ही भाषांत गावच्या चावडीवर लागावेत.

*

कट्टणभावी. बेळगावच्या उत्तरेला डोंगरातलं गाव. शिवाजी कागणीकरांनी इथे आणि आसपासच्या गावांत लोकांना बरोबर घेऊन डोंगरावर चर मारले, बांध घातले, झाडं लावली. पळणारं पाणी चालायला लागलं, चालणारं मुरायला लागलं, विहिरींना पाणी राहिलं. यात कुणाकडून हिरावून घेणं नव्हतं. आपल्या डोक्यावर पडलेलं पाणी जिरवणारं गाव खालच्यालाही पूर कमी पाठवतं आणि झरा जास्त.

*

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाणी भरायचा सण असतो. कन्नड घरांत असतो आणि शेजारानं मराठी घरांतही. न्हाणीघर धुवायचं, हंडे-घागरी चिंचेनं लख्ख घासायच्या, त्यांना चुन्याचे पट्टे ओढायचे, पाणी भरून पूजा करायची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्यानं अभ्यंग. ज्या भागात पाण्यावरून एवढी भांडणं, तिथेच पाण्याचा हा सण दोन्ही भाषांनी वाटून घेतला आहे.

*

स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया नावाचं शहर आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय भरतं. कित्येक शतकांपासून. न्यायाधीश म्हणजे कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरी. वकील नाही, कागद नाही. वरच्यानं पाळी चुकवली, खालच्याचं पाणी तोडलं, अशी तक्रार तोंडी मांडायची आणि निकाल तिथल्या तिथे. २००९ मध्ये युनेस्कोनं या न्यायालयाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडेही पांझरा नदीकाठी मिळून पाणी वाटून घेण्याची फड पद्धत होती, पाटकरी गावानं नेमलेला असे. अनोळखी असं यात काही नाही.

म्हणून एक सूचना मांडून ठेवतो. यमगर्णीच्या उपशाची बैठक असेल तर तीत अक्कोळ-सिदनाळचा माणूस हवा. बेळगावच्या सांडपाण्याची असेल तर हलग्याचा आणि येळ्ळूरचा. राकसकोपच्या गंगापूजनाला तुडयेचा शेतकरी मानानं बोलवावा, हिडकलच्या वाटपात चंदगडचं म्हणणं ऐकावं. सुळकूडच्या चर्चेत इचलकरंजीच्या नळावर उभी राहणारी बाई आणि कारदग्याचा ऊसकरी एका टेबलाशी बसावेत. बंगळूर आणि मुंबईच्या परवानगीची वाट न बघता ग्रामपंचायती आणि नगरपालिका हे सुरू करू शकतात. मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारी माणसं दोन्ही काठांवर आहेत, आणि प्रत्येक जण कुणाच्या तरी खालचा आहे. पहिली बैठक पुढच्या उन्हाळ्याआधी व्हावी, नद्यांत पाणी असताना, कारण पाणी असतानाच माणसं नीट बोलतात.